वास गेला म्हणून जमीन निर्धोक होत नाही

हायवेलगतच्या जुन्या पंपांच्या आणि गॅरेजच्या जागा प्लॉटिंगला निघू लागल्यापासून जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘सांडलेलं डिझेल-ऑइल खानदेशच्या उन्हात दोन वर्षांत उडून जातं. वरची फूटभर माती काढून मुरूम टाकावा. विहिरीवर तवंग नाही, वास नाही, कुणी आजारी नाही, म्हणजे जमीन शुद्ध. तपासणी म्हणजे पैसे उकळणं.’ या भरवशावर लोक घरं बांधतील, म्हणून हे लिहितोय.

‘उन्हात उडून जातं.’ वरच्या थरातलं पेट्रोल उडतं, हे खरं. डिझेल जिवाणू खातात, हेही खरं. पण आपल्या काळ्या जमिनीला वैशाखात हात-हात खोल भेगा पडतात आणि तेल त्यांतून खाली उतरतं. तिथे ऊन पोचत नाही. हवाही तुटपुंजी असते, त्यामुळे जिवाणूंचं काम मंदावतं. जळक्या इंजिन ऑइलमधली बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक जड रसायनं तर वर्षानुवर्षं तशीच राहतात. फूटभर माती काढून यातलं फारसं काही निघत नाही.

‘विहिरीवर तवंग नाही.’ कोणत्या महिन्यात पाहिलं? सगळी मेख इथेच आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं आणि पातळीबरोबर वर-खाली होतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की तेलही खाली जातं आणि वाटेतल्या मातीला माखत जातं. पावसाळ्यानंतर पाणी चढतं, तेव्हा बरंचसं तेल मातीच्या कणांमध्ये पाण्याखाली अडकून पडतं. विहीर निवळशंख दिसते. मे महिन्यात पाणी उतरलं की त्याच विहिरीवर पुन्हा तवंग येऊ शकतो. भाद्रपदातल्या एका नमुन्यावर दाखला देणं म्हणजे तपासणीच न करणं. त्यात यावल-रावेरकडे तापीचा गाळ, तर इतर बऱ्याच भागात मुरमाखाली काळा पाषाण. पाषाणात पाणी फटींतून चालतं. एक विहीर स्वच्छ आणि शेजारची खराब, असं सहज होतं. शेजाऱ्याची विहीर चांगली निघाली, यावरून आपल्या विहिरीबद्दल काहीच ठरत नाही.

‘वास नाही, चव नाही.’ पेट्रोलमधल्या बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे. जिभेला चव कळायला मात्र साधारण 0.5 मिलिग्रॅमच्या पुढे जावं लागतं. म्हणजे चव लागेपर्यंत प्रमाण पन्नास पटींवर गेलेलं असतं.

‘कुणी आजारी नाही.’ कर्करोग दिसायला अनेक वर्षं जातात. म्हणून आधी ही रसायनं माणसाच्या शरीरात शिरण्याची वाट शोधायची: विहिरीचं पाणी, फरशीच्या फटीतून बंद खोलीत चढणारी वाफ, अंगणातली माती. धोक्याच्या अशा हिशेबात लहान मुलाच्या पोटात रोज 200 मिलिग्रॅम माती जाते असं धरण्याची पद्धत आहे, मोठ्या माणसाच्या 100. मुलाचं वजन कमी, त्यामुळे किलोमागे मात्रा कितीतरी जास्त. उलट, वाट नसेल तर धोकाही नाही, हे अभ्यासातून निघू शकतं आणि मग ते निःशंकपणे मान्य करावं.

‘पैसे उकळणं.’ चुकीची तपासणी म्हणजे पैसे वाया, यात शंका नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून नेलेल्या नमुन्यातलं बेंझीन प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उडू लागतं. नमुना काचेच्या लहान कुपीत काठोकाठ भरून, थंड ठेवून न्यावा लागतो. मुरमापर्यंत खोदून वेगवेगळ्या खोलीची माती घ्यायची, निदान उन्हाळा आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा पाणी तपासायचं. आकडे कमी होताहेत की नाही, हे त्यानंतरच कळतं.

तपासणी-सफाई संपवून जागेची फाइल बंद करताना थोडं तेल खाली राहिलं तरी चालू शकतं, पण अटींसह: इथे विहीर किंवा बोअर नको, तळघर नको. या अटी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात याव्यात, नाहीतर पुढच्या खरेदीदाराला कळणार कसं? दूषित जागांसाठी 2025 मध्ये केंद्राने वेगळे नियम आणले आहेत. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राथमिक तपास करायचा, अशी त्यांत तरतूद आहे. प्लॉटचा बयाणा देण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन जागा त्या यादीत आहे का ते लेखी विचारा, नसेल आणि तिथे पूर्वी पंप किंवा गॅरेज होतं हे माहीत असेल, तर ती यादीत घ्या म्हणून अर्ज द्या.