सुदान ब्लॅक लावलं की ऑटोफ्लुरोसन्स संपला? नाही हो

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली टिश्यू स्वतःच चमकतो (हाच ऑटोफ्लुरोसन्स) आणि अँटीबॉडीवर लावलेल्या डायचा खरा सिग्नल त्यात हरवतो. त्यावर एक रेसिपी सगळीकडे फिरतेय: सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) दहा मिनिटं सुदान ब्लॅक या काळ्या रंगात बुडवा, डाय फार-रेड (लालच्या पार टोकाचा) घ्या, उरलंसुरलं बॅकग्राउंड सॉफ्टवेअरमध्ये वजा करा, विषय संपला. यातलं प्रत्येक पाऊल कुठेतरी चालतं, पण सरसकट सगळीकडे नाही, आणि पहिली दोन तर एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

सुदान ब्लॅक चरबीत विरघळणारं आहे, म्हणून लायपोफस्किनवर झकास चालतं, म्हणजे वय झालेल्या प्राण्याचा मेंदू किंवा हृदयाचा स्नायू घेतला की जे चमकणारे ठिपके दिसतात ना, ते. पण त्वचेतलं किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन-इलॅस्टिन चमकत असेल तर त्याच्यावर एवढा भरवसा नको. फिक्सेशनने (टिश्यू रसायनात टिकवताना) आलेली चमक तर वेगळीच भानगड, ते रसायन ग्लुटराल्डिहाइड असेल तर अजून वाईट, तिथे फिक्सिंगचा वेळ आवरा नाहीतर सोडियम बोरोहायड्राइड वापरून बघा (ताजंच बनवायचं, आणि बुडबुडे येतात, सेक्शन स्लाइडवरून सुटू शकतो, सांभाळून). रक्तपेशी चमकत असतील तर टिश्यू काढायच्या आधीच परफ्युजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुऊन काढणं) नीट करा, नंतर धावपळ करून फार काही हाती लागत नाही.

आता गंमत बघा, सुदान ब्लॅक स्वतःच लाल आणि फार-रेडमध्ये बॅकग्राउंड देतं! म्हणजे एका हाताने चमक झाकायची आणि दुसऱ्या हाताने नेमक्या त्याच चॅनेलमध्ये (रंगाच्या पट्ट्यात) डाय लावायचा. शिवाय ते अँटीबॉडीनंतर लावलं तर पुढच्या धुण्यात ट्रायटन नको, डिटर्जंटने ते निघून जातं.

फार-रेडचा सल्ला तसा बरा आहे, हे मान्य. पेशीत मुळातच असलेल्या रेणूंपैकी एनएडीएच 340 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश घेऊन 450-460 ला देतं, फ्लॅविन 450 ला घेऊन 530 च्या आसपास, म्हणजे ही मंडळी निळ्या-हिरव्यातच गोंधळ घालतात. पण लायपोफस्किन पार लालपर्यंत पसरलेलं असतं, आणि झाडाचं पान बघत असाल तर क्लोरोफिल 680 च्या आसपास चमकतं, तिथे हा सल्ला सरळ उलटा पडतो.

वजाबाकीचं म्हणाल तर रोलिंग बॉल वगैरे पद्धती हळूहळू बदलणारं, सपाट बॅकग्राउंड काढतात. लायपोफस्किनचे दाणे तुमच्या सिग्नलच्याच आकाराचे असतील तर सॉफ्टवेअरने कुणाला ठेवायचं न कुणाला काढायचं? जिथे पिक्सेल सॅच्युरेट झालाय (उजेडाच्या कमाल मर्यादेला टेकलाय) तिथे तर खाली काय होतं ते परत मिळतच नाही. स्पेक्ट्रल अनमिक्सिंग (प्रत्येक चमकेचा स्पेक्ट्रम ओळखून त्या वेगळ्या करणं) चांगलं काम करतं, पण त्यालाही न रंगवलेल्या सेक्शनचा स्पेक्ट्रम द्यावा लागतो.

आणि नेमकं हेच त्या रेसिपीत नाहीये: काहीच न लावलेला सेक्शन, तसाच फिक्स केलेला, त्याच एक्सपोजरवर, सगळ्या चॅनेलमध्ये बघितलेला. कोण चमकतंय ते आधी त्याच्यात बघा, मग उपाय निवडा. "आम्ही फक्त सेकंडरीचा कंट्रोल ठेवतो" (म्हणजे पहिली अँटीबॉडी वगळून फक्त डायवाली दुसरी लावलेला सेक्शन) म्हणणारे बरेच भेटतात, पण त्यात नको तिथे चिकटलेली अँटीबॉडी आणि टिश्यूची स्वतःची चमक एकत्र दिसते, वेगळी करता येत नाही. तरुण आणि म्हाताऱ्या टिश्यूची तुलना असेल तर दोन्ही गटांचे न रंगवलेले सेक्शन ठेवा, कारण लायपोफस्किन वयाबरोबर साठत जातं आणि एकाच गटाचा कंट्रोल ठेवला तर "वयाबरोबर प्रोटीन वाढतं" असा शोध फुकटात लागतो.