स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून कुणाला झापू नका

‘गोठलेल्या पदार्थात कसले जंतू?’ हे शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं की मला काळजी वाटते. लिस्टेरिया हा अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू उणे १८ अंशांवर वाढत नाही, पण मरतही नाही. आणि आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या ४ अंशांच्या गारव्यात, जिथे बहुतेक जंतू थंडावतात, तिथे तो सावकाश वाढतच राहतो.

पाश्चरायझेशनमध्ये, म्हणजे मिश्रण तापवून जंतू मारताना, तो मरतो. धोका त्याच्या पुढे आहे. मिश्रण थंड करताना, गोठवताना, त्यात सुकामेवा घालताना, डब्यात भरताना. झिजलेल्या गॅस्केटखाली (यंत्राच्या जोडातल्या रबरी चकतीखाली), कन्व्हेयरच्या सांध्यात, जमिनीतल्या गटारात हा जिवाणू चिकट थर धरून बसतो. वरून सॅनिटायझर मारून तो थर जात नाही, यंत्र खोलून घासावं लागतं. आणि जोराच्या पाइपने गटार धुतलं, की तेच तुषार उडून भरण्याच्या यंत्रावर बसतात. स्वच्छतेच्या नावाखाली हे सर्रास चालतं, याचा मला फार राग येतो.

अमेरिकेत २०१५ साली उघडकीला आलं, की ब्लू बेल या कंपनीच्या आइस्क्रीममुळे २०१० पासून चार राज्यांत १० जणांना लागण झाली होती, तिघे गेले. कॅन्सासमधले पाच जण तर दुसऱ्याच आजारांसाठी एका रुग्णालयात दाखल होते. त्यातल्या चौघांनी या आइस्क्रीमचा मिल्कशेक घेतल्याची नोंद आहे. आधीच अशक्त झालेली माणसं ती! पुढे सरकारी तपासणीचे अहवाल बाहेर आले, तेव्हा कळलं की कंपनीच्या ओक्लाहोमातल्या कारखान्यात २०१३ पासूनच लिस्टेरियाचा संशय यावा असे स्वॅब, म्हणजे जागा पुसून तपासायला घेतलेले नमुने, येत होते. जागा धुतली जायची, पुन्हा स्वॅब तसाच यायचा. मुळाशी कुणी गेलं नाही. २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

म्हणून वर्षभर सगळे रिपोर्ट निगेटिव्ह दाखवणाऱ्या कारखान्यावर माझा विश्वास बसत नाही. कोरड्या, नुकत्याच पुसलेल्या जागेचा स्वॅब घेतला की रिपोर्ट चांगलाच येणार. काम चालू होऊन काही तास झाल्यावर, ओल्या कोपऱ्यातला, गटाराचा स्वॅब घ्यायला धैर्य लागतं. तो पॉझिटिव्ह आला की घेणाऱ्यालाच बोलणी बसतात, आणि पुढच्या वेळी तो सोयीची जागा निवडतो.

गरोदर बाईला याची लागण झाली तर तिला बहुतेकदा साध्या तापापलीकडे फारसं काही जाणवत नाही, पण गर्भ दगावू शकतो. लक्षणं दिसायला कधी कधी दोन महिनेही जातात, तोवर कुठल्या डब्यातलं काय खाल्लं होतं हे कुणाला आठवणार? त्यामुळे पकडायचं ते कारखान्यातच. यंत्राच्या अन्नाला लागणाऱ्या भागाचा स्वॅब घेतला असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्या दिवसाचा माल गोदामातून हलता कामा नये, मग विक्री कितीही अडू दे.