जपानी कामगार संपात दुप्पट काम करतात? नाही

एसटीचा किंवा बँकांचा संप जाहीर झाला की एक संदेश हमखास फिरतो. जपानमध्ये संप होतच नाहीत; कामगार नाराज झाले तर काळी फीत लावून दुप्पट काम करतात; एका कारखान्यात तर निषेध म्हणून फक्त डाव्या पायाचे बूट बनवले; म्हणूनच जपानची उत्पादकता जगात अव्वल. हे वाचून आपल्याकडच्या संपकऱ्यांना लाज वाटावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून तो संदेश खोडून काढायलाच हवा.

संप होत नाहीत? संपाचा हक्क जपानच्या राज्यघटनेच्या कलम २८मधून येतो. १९७५च्या नोव्हेंबरअखेरीस सरकारी रेल्वेचे कामगार आठ दिवस संपावर होते, देशभर गाड्या थांबल्या होत्या. आज संप क्वचित होतात, हे खरं. तरी ३१ ऑगस्ट २०२३ला टोकियोतल्या इकेबुकुरोचं सेइबू हे भलंमोठं दुकान कर्मचाऱ्यांनी दिवसभर बंद ठेवलं. कंपनी विकली जात होती आणि त्यांना नोकरीची धास्ती होती.

डाव्या बुटांच्या गोष्टीत कारखान्याचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. शिवाय ती जपानी कारखान्याच्या रीतीशीच जुळत नाही. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइइची ओनो गरजेपेक्षा जास्त उत्पादनाला सर्वांत वाईट नासाडी म्हणत. तिथे दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. थांबवण्याचा हा अधिकार मला त्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि संदेशात नेमका तोच गायब आहे. रेल्वे कामगारांचं एक गाजलेलं हत्यार तर उलटंच होतं: प्रत्येक नियम काटेकोर पाळायचा, म्हणजे गाड्या रखडतात. १९७३च्या मार्चमध्ये आगेओ स्टेशनवर याला वैतागून प्रवाशांनी दंगल केली. काम चालू ठेवून केलेलं आंदोलनही सापडतं, पण वेगळं. २०१८मध्ये ओकायामाच्या बसचालकांनी बस चालवल्या, भाडं मात्र घेतलं नाही.

राहिली उत्पादकता. २०२२मध्ये जपानमध्ये दर तासाच्या श्रमातून क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून, ५२.३ डॉलरचं मूल्य निर्माण झालं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या ३८ देशांत ३०वा क्रमांक, जी-७ या सात बड्या देशांच्या गटात शेवटचा. साहेब उठेपर्यंत खुर्ची न सोडणं आणि बिनपगारी जादा तास यांनी तास वाढतात, काम तेवढं वाढत नाही. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला तिथे ‘करोशी’ असा शब्दच आहे. एप्रिल २०१९पासून जादा कामावर महिन्याला ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा आली. ज्यांची दहा किंवा अधिक दिवसांची भरपगारी रजा आहे, त्यांना वर्षात किमान पाच दिवस ती घ्यायला लावण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावर टाकली.