मी ना, आयएनएफपी आहे!

परत तेच. कामाची तारीख उलटून गेल्यावर सहकाऱ्याला विचारलं तर उत्तर काय? "अगं, मी आयएनएफपी ना, मला डेडलाइन झेपत नाहीत." झेपत नाहीत म्हणे! (आयएनएफपी म्हणजे एमबीटीआय, अर्थात मायर्स-ब्रिग्ज या स्वभावचाचणीतल्या चार अक्षरी प्रकारांपैकी एक.) बरं, मी चिडले की त्याचंही निदान तयार: "तू अगदी टिपिकल ईएसटीजे," म्हणजे नेमका उलटा प्रकार. म्हणजे उशीर याने करायचा आणि स्वभाव माझा तपासायचा.

या चाचणीची १६ प्रकारांची मांडणी केली कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकावरून. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. तेही एक वेळ सोडा. पण बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधेच कुठेतरी असतात, आणि ही चाचणी नेमकी तिथेच रेघ मारते! रेघेच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा यांच्यात काडीचा फरक नाही, तरी एकाला आय, दुसऱ्याला ई, अक्षर वेगळं. म्हणूनच थोड्या आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकारच बदलतो. जन्मजात स्वभाव म्हणे.

आणि प्रश्न तरी कसले! निर्णय डोक्याने घेता की मनाने? अहो, कशाचा निर्णय? नोकरी सोडायचा की पडद्यांचा रंग ठरवायचा?

नोकरभरतीसाठी ही वापरू नका, असं चाचणी विकणारेच सांगतात. तरी मुलाखतीत कुणीतरी विचारतंच, "तुमचा टाइप कोणता?"