अर्धा मिलिमीटर खाली

गेल्या मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या आप्पांनी माझ्या हातावर वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी ठेवली. मंगळवार म्हणून मला वाटलं, अंबाबाईचा प्रसाद. उघडली तर आत पत्र्याचा तुकडा. बोटभर लांब, कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या.

"मिस्त्रीनं दिलाय," आप्पा म्हणाले. "म्हणाला, सरास्नी सांगा, टूल अर्धा मिलिमीटर खाली हाय. ह्यो पत्रा टूलखाली घाला म्हणावं."

त्या मिस्त्रीनं माझा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून टूलच्या धारेनं कापायचं यंत्र, पाहिलेला नाही. मला पाहिलेलं नाही. माझं टूल कुठल्या खोलीत असतं हेही त्याला ठाऊक नाही. आणि मी, इंजिनिअरिंगच्या पोरांना बावीस वर्षं 'उत्पादन प्रक्रिया' हा विषय शिकवलेला माणूस, दारात पुडी घेऊन उभा.

कोल्हापुरात, राजारामपुरीत राहून घरी लेथ बसवणं म्हणजे गुऱ्हाळाला भिंत लागून असताना स्वयंपाकघरात चरक बसवण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांची वसाहत, इथून दुचाकीवर दहा मिनिटं. तिथं जाऊन नुसतं हवेत बोटानं 'असं काहीतरी गोल पाहिजे' एवढं काढून दाखवलं, तरी संध्याकाळपर्यंत ते हातात मिळतं. पण निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी चाळा लागतो. कुणी सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारतो, कुणी वंशावळ काढतो. मी टेबलावर मावणारा एक लेथ घेतला. वजन चाळीस किलो. उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या धुडाचं नुसतं चक, म्हणजे फिरणारा तुकडा पकडायचा जबडा, तेवढं भरेल.

लेथ आल्याच्या आठवड्यात आप्पांनी पहिलं काम आणलं. त्यांच्या घरातला झोपाळा कुरकुरत होता. कडीतला बुश, म्हणजे आतली धातूची नळी, झिजलेला. बाहेरून पंचवीस मिलिमीटर, आतून सोळा, लांबी वीस. गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूचा. "सावकाश द्या सर, घाई नाही," म्हणाले. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. जेवण झालं की आप्पा झोपाळ्यावर बसतात आणि भिंतीपलीकडून कुर्र... कुर्र... सुरू होतं. साडेदहापर्यंत. घाई नसलेल्या माणसाचा तो आवाज मी सात आठवडे ऐकला.

आप्पा बँकेतून निवृत्त झाले, तेही तपासणी खात्यातून. हे खातं माणसाच्या अंगातून जात नाही. रोज पाच वाजता ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन माझ्या खोलीच्या दारात बसत.

"झाला का बुश?"

"बुश नाही अजून. बोरिंग बार करतोय. बुशाचं भोक आतून मापाला आणायला लागतो."

"बरं. म्हणजे हा बार."

"हा बार नव्हे. हा बार धरायचा ठोकळा."

"मग बार?"

"बार त्याच्यानंतर. आधी ठोकळ्याला बार बसेल एवढं भोक पाडायचंय."

"ते कशानं पाडणार?"

मी गप्प बसलो. खरं उत्तर 'बोरिंग बारनं' असं होतं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सर, एक विचारू? रागावू नका. बार करायला ठोकळा, ठोकळा करायला बार. आमच्याकडे अशी खाती असायची. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, त्याचं व्याज भरायला तिसरं. कागदावर सगळं एकदम चोख. मी असल्या खात्याला लाल शाई लावायचो."

"आप्पा, लेथला सगळ्या मशीनची आई म्हणतात. लेथवर लेथचेच भाग करता येतात."

"हो ना. पण आईला आमचा बुश कधी होणार?"

तरी ही माझी बरी बाजू. ठोकळा झाला, बार झाला, बारात बसवायला आठ मिलिमीटरचं चौकोनी टूल घासायला घेतलं तेव्हा खरी शोभा झाली. ते टूल मी भंगारवाल्याकडून 'साहेब, अस्सल हायस्पीड' असं ऐकून आणलं होतं. हायस्पीड स्टील ग्राइंडरला लावलं की ठिणग्या आखूड, मंद, विटकरी लाल पडतात. माझ्या टूलमधून पांढऱ्या-पिवळ्या फुलबाज्या उडाल्या. खोली उजळली. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे तो साधा कार्बन पोलादाचा तुकडा होता. ग्राइंडरवर त्याचं टोक निळं पडलं आणि त्याची धार जी गेली ती गेली. 1900 च्या सुमारास टेलर आणि व्हाइट या दोघांनी अमेरिकेतल्या बेथलेहेमच्या कारखान्यात हे हायस्पीड पोलाद सिद्ध केलं, टूल तापून लाल झालं तरी कापत राहतं हे जगाला दाखवलं, हे सगळं मी फळ्यावर दरवर्षी न चुकता सांगितलं आहे. ठिणगी मात्र वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाहिली.

यात नुसता माझाच दोष आहे असं मला वाटत नाही, आणि इथं थोडं चिडून बोलतो. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सहा लेथ होते. तपासणीला समिती येणार असली की त्यांना रंग लागायचा. एरवी त्यांच्यावर ताडपत्री. पोरं सहा महिन्यांत एक जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, करायची, तोही बहुतेक वर्कशॉपमधला मदतनीसच करून द्यायचा, आणि पोरं जर्नलमध्ये त्याचं सुंदर चित्र काढायची. मी ते चित्र बघून सही करायचो. 'टूलचं टोक जॉबच्या केंद्ररेषेत का असावं?' हा प्रश्न मी चार गुणांना विचारलेला आहे. आकृतीला दोन गुण वेगळे. तो मदतनीस एकदा म्हणाला होता, "सर, हात लावून बघा की." मी म्हणालो, शर्ट पांढरा आहे.

असो. नवं, खरं हायस्पीड टूल आणलं. पोलादाला घासतात तसा वरून छान उतार देऊन घासलं. गनमेटलला असा उतार चालत नाही, वरचा पृष्ठभाग सपाट लागतो. नाहीतर टूल स्वतःच आत ओढलं जातं. तेही मी शिकवलं आहे. टूल आत ओढलं गेलं. कट्ट असा आवाज झाला आणि बुश, बार, टूल या तिघांपैकी एकही शाबूत राहिलं नाही. गनमेटलचा बारीक सोनेरी किस घरभर झाला. दुसऱ्या दिवशी पोह्यांत दोन कण सापडले. आप्पा खायला बसलेले. "केशर?" म्हणाले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा उतार मात्र बरोबर होता.

तिसऱ्या प्रयत्नासाठी मी उरलेल्या गनमेटलच्या तुकड्याचं तोंड सपाट करून घेतलं होतं, आणि पाठदुखीनं दोन दिवस आडवा झालो होतो. आप्पांनी तो तुकडा टेबलावरून उचलला, मला न सांगता, आणि उद्यमनगरात गेले. पुढचं सगळं त्यांनी मला साग्रसंगीत ऐकवलं, मी नको म्हणत असताना.

मिस्त्री चहा पीत होता. त्यानं तुकडा हातात घेतला. सपाट केलेल्या तोंडावर मधोमध मोहरीपेक्षा बारीक एक टेंगूळ उरलं होतं. मला ते दिसलं होतं. मी त्याला 'किरकोळ' म्हटलं होतं. मिस्त्रीनं त्यावर अंगठा फिरवला, व्हर्निअर लावला. एक मिलिमीटर. टूल फिरणाऱ्या तुकड्याच्या केंद्राच्या जेवढं खाली, त्याच्या दुपटीच्या जाडीचा खुंट मधे उभा राहतो. टूल वर असतं तर हा खुंट राहिला नसता, सुळका राहिला असता. एकाचं अर्धं केलं आणि निदान झालं. फळ्यावर हे मी उलट्या दिशेनं सिद्ध करून दाखवत असे.

"कुनी केलंय ह्ये?" मिस्त्रीनं विचारलं.

"आमचे प्राध्यापक आहेत."

"आसू दे," मिस्त्री म्हणाला.

हे 'आसू दे' मला सगळ्यात लागलं. 'चुकलंय' चाललं असतं.

बुश चहा संपायच्या आत झाला. त्यानं साठ रुपये सांगितले, आप्पांनी पन्नास दिले, आणि हे सांगताना त्यांना जरासुद्धा काही वाटलं नाही. अंगठ्यानं अर्धा मिलिमीटर ओळखणाऱ्या माणसाशी दहा रुपयांची घासाघीस! मी तोंडावर बोललो. आप्पा म्हणाले, "तुमच्या सात आठवड्यांची वीज किती झाली, ती सांगा आधी." मग मी विषय बदलला. पत्र्याचे पैसे मिस्त्रीनं लावले नव्हते.

टूलची उंची मी बघितली नव्हती असं नाही. टेलस्टॉकच्या सेंटरला, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाला केंद्ररेषेतच असलेल्या अणीला, टोक भिडवून बघितली होती, चष्म्याच्या खालच्या काचेतून, म्हणजे जी काच वाचायला आहे तिच्यातून, मान वाकडी करून. सहा इंची पट्टी टूल आणि गोल जॉब यांच्यामध्ये अलगद धरायची, पट्टीचा वरचा भाग आपल्याकडे झुकला तर टूल खाली, ही युक्तीही मला तोंडपाठ आहे. पट्टी मात्र बायकोच्या शिवणाच्या डब्यात होती.

पत्रा वापरायचा नाही, हे मी मंगळवारी ठरवलं. आपला पत्रा आपण करू. तेलाचा रिकामा डबा कापला. तो फार पातळ निघाला, आणि घड्या घालून दाबला तर स्प्रिंगसारखा उसळायला लागला. हॅकसॉच्या जुन्या पात्याचा तुकडा घातला; तो जाड, आता टूल वर. गुरुवारी रात्री दार लावून घेतलं आणि मिस्त्रीचा पत्रा टूलखाली सरकवला. पट्टी धरली. सरळ उभी. ब्राइट बारचा, म्हणजे चकचकीत पोलादी सळईचा, तुकडा चकात आवळून तोंड सपाट केलं. टूल मधोमध आलं आणि तिथं काहीच उरलं नाही. मी अंगठा फिरवून पाहिला. परत फिरवला.

भिंतीपलीकडे झोपाळा चालू असणार, साडेनऊ वाजले होते. आवाज नव्हता. आप्पांना मी अजून काही सांगितलेलं नाही. पत्रा मी रागानं फेकून दिला, अशी त्यांची समजूत आहे.