रजिस्टरमधलं ‘घर बंद’

साथीच्या दिवसांत वरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती घरं झाली?’ आजारी किती, पाणी कुठलं, पहिला पेशंट कधी लागला, हे सगळं नंतर. संध्याकाळच्या रिपोर्टात ‘शंभर टक्के सर्वेक्षण पूर्ण’ असं लिहिलं की सगळ्यांना हायसं वाटतं. मला मात्र ते शंभर टक्के वाचलं की धडकी भरते. का, ते आज सविस्तर लिहायचं ठरवलंय.

मुंबईत साथरोगाच्या फील्ड टीमचं काम बघत मला बरीच वर्षं झाली. टीममध्ये मी, एक ज्युनियर डॉक्टर, सॅनिटरी इन्स्पेक्टर, पाणी खात्याचा एक माणूस, लॅबचा टेक्निशियन आणि दहा-बारा आरोग्य सेविका. कागदावर माझं नाव सगळ्यात वर असतं. पण साथीबद्दल आम्हाला जे काही कळतं, ते दारावर थाप मारणाऱ्या या बायकांकडून. लाइन लिस्टमधली, म्हणजे आजाऱ्यांच्या यादीतली, प्रत्येक ओळ म्हणजे त्यांनी कुणाच्या तरी उंबऱ्यावर उभं राहून विचारलेला प्रश्न. तिथे चुकलं, तर पुढे कितीही चांगला आलेख काढा, चूकच सुबक दिसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याचं तोंड होतं. पूर्व उपनगरातली, नाल्याच्या दोन्ही काठांवर वसलेली एक वस्ती. तीन दिवसांत जुलाब-उलट्यांचे पेशंट एकदम वाढले. लोकांचा संशय नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्यावर, बिचाऱ्याची गाडी दुसऱ्याच दिवशी बंद पडली. पण आजाऱ्यांत वर्षाच्या आतली बाळंही होती, आणि ती काही पाणीपुरी खात नाहीत. म्हणून आम्ही घरोघर जायला लागलो.

दुसऱ्या दिवशी एका सेविकेच्या रजिस्टरमध्ये तीसच्या वर घरांपुढे ‘बंद’ लिहिलेलं दिसलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, “एवढी घरं बंद कशी असतात? उद्या मला एकही बंद नको.” माझा आवाज चढला होता, ते मला आजही आठवतं. ती काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी एकही घर बंद नव्हतं. सगळीकडे ‘आजारी – नाही’. आलेख खाली आला. मी वर कळवलं, परिस्थिती आटोक्यात आहे.

दोन दिवसांनी जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. एकाच गल्लीतले आठ पेशंट आले होते, त्यात दोन लहान मुलं. मी यादी उघडली. आठांपैकी सहा घरांपुढे आमच्याच अक्षरात ‘नाही’ लिहिलेलं होतं.

तिला ऑफिसात बोलावलं नाही, मीच गल्लीत गेले. म्हटलं, “ताई, मला खरं काय ते सांगा.” ती म्हणाली, “मॅडम, तुम्हीच म्हणालात बंद नको. मग शेजारणीला विचारून लिहिलं. शेजारणीला तरी काय माहीत असणार?” आणि मग हळूच, “ही घरं मी जाते तेव्हा बंदच असतात. तुम्ही पहाटे या, मी दाखवते.”

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी तिच्याबरोबर उभी होते. अंधार होता. नळाला पाणी यायच्या आधीच हंडे, कळशा, निळे ड्रम रांगेत लागलेले. नाल्यावरून गेलेले पाइप, त्यांना ठिकठिकाणी गुंडाळलेली रबराची पट्टी, काही घरांतून मोटारींचा घों घों आवाज. पाणी आलं. रांगेत पहिली असलेल्या बाईने कळशी लावली, तेव्हा मला वास आला. तिलाही आला असणार. तिने थोडं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा कळशी लावली. म्हणाली, “पहिलं पाणी जरा वास मारतं, नंतर चांगलं येतं. पण मला साडेपाचची गाडी धरायची असते, नंतरपर्यंत कशी थांबू?”

आम्ही तिथेच ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर द्रावण टाकल्यावर पिवळा रंग येतो. पहिल्या नळीत काहीच आलं नाही, पाणी तसंच पांढरं. वीस मिनिटांनी त्याच नळाचं पाणी घेतलं, तर फिकट पिवळं झालं.

त्यातलं शास्त्र साधंच आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक तासांपुरतं येतं. बाकी वेळ पाइपात दाब नसतो. त्या वेळात फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत झिरपते, मोटारी लावल्या की ती आणखी ओढली जाते. पाणी सुरू झालं की पहिल्या काही मिनिटांत ती सगळी नळाला येते. त्या गल्लीत पहिलं पाणी कोण भरत होतं? ज्या बायकांना सगळ्यात आधी कामाला निघायचं असतं त्या, म्हणजे स्वयंपाकाची कामं करणाऱ्या, धक्क्यावर मासळी आणायला जाणाऱ्या. अकरा वाजता आमची सेविका जायची तेव्हा कुलूप असायचं ते त्यांच्याच दाराला. मी जी घरं रजिस्टरमधून पुसायला लावली, साथ त्याच घरांत होती.

त्या चुकीचे चार दिवस गेले. सगळे वाचले, पण एका मुलाला सलाईन लावताना शीर सापडत नव्हती आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती, ते मी विसरलेले नाही.

लंडनमधल्या १८५४ च्या पटकीच्या साथीची गोष्ट आमच्या अभ्यासात सगळ्यांना शिकवतात. साथ पाण्यातून पसरते असं म्हणणारा डॉक्टर जॉन स्नो, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, पंपाचा काढलेला दांडा. पण मला त्यातला हेन्री व्हाइटहेड जास्त जवळचा वाटतो. तो डॉक्टर नव्हता, त्या भागातला तरुण पाद्री होता. स्नोचं म्हणणं त्याला सुरुवातीला पटलंही नव्हतं. ते खोडून काढायला तो घरोघर फिरला, एकेका घरी पुन्हापुन्हा गेला, वस्ती सोडून गेलेल्यांचाही पत्ता काढला. आणि शेवटी पंपाजवळच्या घरातलं आजारी बाळ, ज्याची दुपटी धुतलेलं पाणी विहिरीत झिरपत होतं, ते त्यालाच सापडलं. वस्तीतली माणसं त्याला ओळखत होती, म्हणून बोलली.

आमच्या सेविकांचंही तेच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सासऱ्यासमोर सुनेला ‘जुलाब होतात का’ असं विचारलं तर ती ‘नाही’च म्हणणार. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं तर जुलाब, ही व्याख्या माझ्या फॉर्मवर असते. सेविका विचारते, “काल रात्री बाहेर किती वेळा जावं लागलं गं? टॉयलेटला रांग होती का?” मग बोलणं सुरू होतं. ही हातोटी मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही, तिच्याकडे बघून मी शिकले.

आणि घाबरलेल्या माणसाकडून खरी माहिती कधीच येत नाही, ही गोष्ट तर महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिलीय. १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले, आणि लोक आजारी माणसं लपवायला लागले. घरातला माणूस तपासणाऱ्याला घाबरला तर आजार लपतो. तपासणारी वरच्याला घाबरली तर कागदावर लपतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की साथीच्या प्रत्येक रिपोर्टात ‘बंद घरं’ हा वेगळा रकाना पाहिजे, आणि तो रिकामा असेल तर प्रश्न विचारले पाहिजेत. टीम चालवणाऱ्याने सेविकेला दिलेलं टार्गेट आणि तिला मिळणारा वेळ यांचा मेळ घालून बघावा. आता ॲप आलीत, सेविका कुठे फिरली ते नकाशावर दिसतं. दार उघडलं की नाही हे त्यावर दिसत नाही. पहाटे किंवा रात्री फेरी करायला लावायची असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या, तुटपुंज्या मानधनात ते बसत नाही. परतीची सोय करा. अंधाऱ्या गल्लीत एकटीला पाठवू नका.

माझ्या टीमची मीटिंग आता ‘काल काय जमलं नाही?’ या प्रश्नाने सुरू होते. पहिले काही दिवस कुणी बोललं नाही. मग मीच माझी ही चूक त्यांना सांगितली, ती ताई समोर बसलेली असताना. दुसऱ्या दिवसापासून त्या बोलायला लागल्या. दहा घरांमागे एक घर मी किंवा ज्युनियर डॉक्टर पुन्हा बघतो. त्यात कुणाला पकडायचा हेतू नसतो, हे त्यांना आता माहीत आहे. ‘बंद’ लिहिलं की पुढे दोन गोष्टी लिहायच्या: घर कधी उघडतं, आणि शेजारी काय म्हणतात.

आज दुपारी त्याच ताईंनी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवलाय. हा पाऊस सुरू झाल्यापासून त्यांच्या भागात तापाचे पेशंट वाढलेत. शेवटची ओळ अशी आहे: ‘बंद. रात्री नऊनंतर उघडतं. शेजारीण म्हणते, नवरा गुडघाभर पाण्यातून कामावरून आला होता, तीन दिवस ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात.’

लेप्टो असू शकतो, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप. आता आठ वाजलेत, मी तिकडेच निघालेय. ताई गल्लीच्या तोंडाशी भेटणार आहेत.