सुटकेनंतरचा हिशेब

मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये ११ जुलै २००६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही मुस्लिम आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांपैकी पाच जणांना विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती आणि त्या पाचांतला एक जण हा निकाल ऐकायला जिवंतच राहिला नव्हता. दहा दिवसांनी मालेगावच्या २००८ सालच्या स्फोटाच्या खटल्यातील सातही हिंदू आरोपी सुटले. इथे ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये मी मराठी वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकल्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवरचे वाद वाचले, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक आपापले आरोपी आणि आपापले मृत मोजण्यातच गुंतलेले दिसले. एवढ्या वर्षांनी खटला कोसळतो तेव्हा तपास यंत्रणेला जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी लावून धरला नाही.

मी राहते त्या शहराला हा प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये इथल्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसे मृत्युमुखी पडली. आठ दिवसांत दहशतवाद प्रतिबंधक कायदा संमत झाला, आणि पुढच्या वर्षी सहा आयरिश पुरुषांना, मुख्यतः पोलीस कोठडीतल्या कबुलीजबाबांच्या आधारे, जन्मठेप झाली. मारहाण करून आमच्याकडून हे वदवून घेतले, असे ते पहिल्यापासून सांगत होते. सोळा वर्षांनी, १४ मार्च १९९१ रोजी, ते सुटले आणि त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी संपूर्ण फौजदारी न्यायव्यवस्थेच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन जाहीर केले. चुकीच्या शिक्षांची फेरतपासणी करणारा स्वतंत्र आयोग त्यातूनच १९९७ मध्ये उभा राहिला. पबमधल्या त्या हत्यांसाठी मात्र आजवर खरा दोषी कोणी ठरलेला नाही, आणि मृतांची कुटुंबे अजून न्याय मागत आहेत. निरपराध माणूस तुरुंगात डांबला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, हे सांगायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

मुंबईच्या निकालानंतर काय झाले? राज्य सरकारने तातडीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अपील करण्याचा अधिकार सरकारला आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात न धाडता, त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली. परंतु कबुलीजबाब छळ करून घेतले गेले, असे उच्च न्यायालय म्हणत असताना त्या छळाची चौकशी करण्याची भाषा सरकारने केली नाही. मकोकाखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. सामान्य कायद्याने जे दार पोलिसी अत्याचाराच्या भीतीने बंद ठेवले होते, ते इथे उघडले गेले.

ब्रिटनचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आयरिश लोकांवरून उठलेली संशयाची नजर २००१ नंतर मुसलमानांवर स्थिरावली. विमानतळावर कोणत्याही संशयाशिवाय माणसाला सहा तासांपर्यंत अडवून प्रश्न विचारता येतात, आणि उत्तर न देणे हाच गुन्हा ठरतो. २०१० मध्ये या शहराच्या स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या मुस्लिमबहुल भागांत दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. रहिवाशांना सांगितले ते चोऱ्या आणि गुंडगिरी रोखण्यासाठी, पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता. लोक संतापले, पोलीसप्रमुखांना माफी मागावी लागली आणि कॅमेरे काढले गेले.

२०१५ पासून 'प्रिव्हेंट' या दहशतवादविरोधी योजनेखाली शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्यावर माणसे दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याची दक्षता घेण्याचे कायदेशीर बंधन आहे, आणि कट्टरतेकडे झुकणाऱ्या व्यक्तींची माहिती त्याखाली कळवली जाते. मी शिकवते तिथेही त्याचे प्रशिक्षण होते. गेल्या वर्षी गाझावर निबंध लिहिणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीने वर्ग सुटल्यावर थांबून मला विचारले, "मिस, हे लिहिले तर माझे नाव कुठे कळवावे लागेल का?" तिच्या वहीत दोन परिच्छेद पेन्सिलीने खोडलेले होते. २०२३-२४ मध्ये या योजनेखाली आलेल्या ६,९२२ प्रकरणांपैकी इस्लामी कट्टरतेची जेमतेम १३ टक्के होती, अतिउजव्या विचारांची त्याहून अधिक; तरीही पेन्सिल खोडरबर घेऊन बसते ती हीच मुलगी.

पण दोन्हीकडच्या व्यवस्थांत एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ७ जुलै २००५ च्या स्फोटांत लंडनमध्ये ५२ निरपराध माणसे मारली गेली. चारच महिन्यांनी टोनी ब्लेअर यांनी आरोपाविना ९० दिवस कोठडीची मागणी केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे खासदार फुटले आणि सरकार हरले. आज ती मर्यादा १४ दिवस आहे. भारतात यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन जवळजवळ अशक्य होतो. शिवाय ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्यांचा अंमल तपासणारा स्वतंत्र परीक्षक असतो आणि त्याचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवला जातो.

आपला धोका वेगळा, सीमेपलीकडून येणारा आहे, असे माझे पुण्यातले काका म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण अजमल कसाबला चार वर्षांत, खुल्या न्यायालयात, बचावाचा वकील देऊन शिक्षा झाली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. याउलट मालेगावच्या ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत, शब-ए-बारातच्या दिवशी, मेलेली माणसे मुसलमान होती आणि पकडलेले नऊ जणही मुसलमानच होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने पुढे वेगळ्याच गटावर आरोप ठेवले. त्या नऊ जणांवरचा ठपका एप्रिल २०१६ मध्ये पुसला गेला, तोवर त्यांच्यातला एक मरण पावला होता.

अशा माणसांना भरपाई देणारा कायदा करावा, अशी शिफारस विधि आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात २०१८ सालीच केली आहे. तो कायदा दिल्लीने करायचा आहे. छळाची आणि तपासातल्या हलगर्जीची चौकशी मात्र महाराष्ट्र सरकार १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली स्वतः सुरू करू शकते, आणि विधानसभेत ती मागणी करायला कोणत्याही पक्षाच्या आमदाराला आरोपींचा धर्म आधी पाहण्याचे कारण नाही.